बाबांच्या रॅलीला रिम कोणती?

पत्र : काका, नमस्कार. आमच्या घरी बाबांची जुनी रॅली सायकल आहे. वाकड्या हँडलची, इंग्लंडची, मागे पाच चकत्यांचे गिअर. १९८१ साली त्यांनी ती मुंबईत सेकंडहँड घेतली आणि एसटीच्या टपावर टाकून साताऱ्याला आणली. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. सायकल शाहूपुरीच्या घरी जिन्याखाली आहे. फ्रेम ठणठणीत आहे, पण दोन्ही रिमांना गंज चढलाय, क्रोमचे पापुद्रे हाताला लागतात. मला ती नुसती पुसून ठेवायची नाही, चालवायची आहे. सप्टेंबरात कासला जाऊन यायचंय. आमचे मेकॅनिक म्हणतात, '२८-दीडच्या नव्या रिमा टाकू, आयुष्यभर बघायला नको.' पुण्याचा मावसभाऊ म्हणतो, '७०० सी टाक, सगळे तेच वापरतात.' बाबांचे एक मित्र म्हणतात, 'मूळ आहे ते बदलू नकोस, २७ च शोध.' टायरवर २७ × १¼ असं आहे. तारा मोजल्या : पुढे ३२, मागे ४०. ब्रेकवर वाइनमान असं कोरलंय. कुणाचं ऐकू? — एक वाचक, सातारा

ताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा तारांचा आकडा मी दोनदा वाचला. सायकलची पत्रं पुष्कळ येतात. त्यात रंग असतो, आठवणी असतात, कधी फोटोही असतो, पण तारा मोजून कळवणारं पत्र वर्षाकाठी एखादंच. त्या ३२ आणि ४० नं माझं निम्मं काम हलकं केलं. तुमचं मात्र थोडं वाढवलंय, ते पुढे येईलच.

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. २८-दीड नको. जमलं तर ७०० सी, अ‍ॅल्युमिनियमच्या. नाही जमलं तर २७ च, पण त्याही अ‍ॅल्युमिनियमच्याच. आणि जमतं की नाही हे रिमकडे बघून कळत नाही, ब्रेककडे बघून कळतं. तेव्हा हे वाचून होईपर्यंत कुणाला अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

तुमच्या तिन्ही सल्लागारांपैकी वेडा कुणीच नाही, हेही आधीच सांगून टाकतो. विशेषतः मेकॅनिकवर रागावू नका. २८-दीड म्हणजे आपली काळी, दूधवाल्याची, पोस्टमनची सायकल. तिची रिम, टायर, ट्यूब साताऱ्यातच काय, मेढ्यातही मिळेल. शिवाय तिला पुढे ३२ आणि मागे ४० भोकं असतात, अगदी तुमच्या रॅलीसारखी. हा योगायोग नाही. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून तिथं तारा जास्त, ही जुनी इंग्रजी पद्धत. आपल्या कारखान्यांनी ती उचलली आणि अजून सोडलेली नाही. बाकीच्या जगानं दोन्हीकडे ३६-३६ केलं. बेरीज दोन्हीकडे ७२ च, गंमत बघा. तर तुमच्या मेकॅनिकनं भोकं जुळतात हे पाहिलं आणि बोलले. भोकं जुळतात, बाकी काहीच जुळत नाही.

सायकलच्या चाकांची इंचातली मापं म्हणजे गावांच्या नावांसारखी. वडगावात वड असेलच असं नाही. कधीकाळी हा आकडा हवा भरलेल्या टायरचा बाहेरून बाहेरपर्यंतचा व्यास होता. पुढे टायर बारीक झाले, जाड झाले, नाव मात्र तेच राहिलं. रिम घेताना खरं माप एकच : टायरची कड रिमवर जिथं बसते तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. त्या हिशोबानं २८-दीड म्हणजे ६३५. तुमची २७ म्हणजे ६३०. ७०० सी म्हणजे ६२२. आणि हल्लीच्या डोंगरी सायकलींना जी '२९' म्हणतात ती? तीही ६२२. 'साडेसत्तावीस' आहे ५८४. म्हणजे २९ ची रिम २७ च्या रिमपेक्षा लहान, आणि साडेसत्तावीस ही सत्तावीसपेक्षा चक्क ४६ मिलिमीटरनं लहान. दुकानात हे सांगितलंत तर समोरचा तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघेल. बघू दे. टायरच्या कुशीवर बारीक अक्षरात ३२-६३० किंवा ३२-६२२ असा जोड-आकडा असतो, त्यातला दुसरा आकडा त्याला दाखवा.

पाच-आठ मिलिमीटरनं काय बिघडतं, असं वाटेल. टायरच्या कडेत पोलादी तार असते, ती ताणली जात नाही. ६२२ चा टायर ६३० च्या रिमवर कितीही झटापट केली तरी चढणार नाही. त्यातून फक्त बोटं सोलतात, धोका काही नाही. धोका उलट्या बाजूला आहे. २८-दीडचा टायर तुमच्या जुन्या २७ च्या रिमवर हातानं, पान्ह्याशिवाय, लोण्यासारखा चढतो. माणूस खूश होतो. मग हवा भरत गेलं की एका जागी टायर फुगून रिमच्या कडेवर डोकं काढतो, आतली ट्यूब जिभेसारखी बाहेर येते आणि धडाम. हे मी एका दुकानाच्या ओट्यावर बसून पाहिलंय. शेजारच्या चहावाल्याच्या हातातला अख्खा ट्रे गेला. चढताना त्रास देणारा टायर परवडला, सहज चढणाऱ्याची भीती बाळगा.

२८-दीडच्या रिमला दुसरीही खोट आहे. ती सळईच्या ब्रेकसाठी घडवलेली असते. तिथं रबर खालून वर, रिमच्या आतल्या अंगाला चिकटतं. त्यामुळे तिच्या बाजू गोलसर असतात, सपाट पट्टी नसते. तुमचे वाइनमान कॅलिपर दोन्ही बाजूंनी चिमटा काढतात, त्यांना सपाट भिंत लागते. गोल भिंतीवर रबर कडेवरच टेकतं आणि घसरतं. आणि तिसरी गोष्ट, ती पुन्हा पोलादीच असते.

पोलादाबद्दल जरा थांबतो, कारण तुम्ही कासला जायचं म्हणता.

पंचविशीत माझ्याकडेही अशीच क्रोमच्या रिमांची सायकल होती. जुलैतल्या एका सकाळी यवतेश्वरचा घाट चढून वर गेलो, चहा प्यायलो, आणि परत निघालो तेव्हा पावसाची बारीक झड सुरू झाली होती. पहिल्या वळणाला ब्रेक दाबला. काही झालं नाही. दाबला म्हणजे दोन्ही हातांनी मूठ आवळली, तरी सायकल आपली निवांत चालली आहे. ओल्या क्रोमवर रबर नुसतं तरंगतं. चाकाचे तीन-चार फेरे रिम पुसण्यातच जातात, मग एकदम पकड येते, आणि तोवर वळण येऊन गेलेलं असतं. मी वळण सोडलं आणि कडेच्या खडीत गेलो. गुडघ्यावरची खूण अजून आहे. पावसात थांबायला लागणारं अंतर कोरड्याच्या काही पटीनं वाढतं, हे मला तिथं बसून, गुडघा धरून समजलं. इंग्लंडात पाऊस काही नवा नाही, म्हणून तिथल्या लोकांनी पोलादी रिमांसाठी चामड्याच्या तोंडाचे ब्रेक ब्लॉक काढले होते. ते ओल्यात बरे धरायचे. आज ते शोधत बसण्यापेक्षा रिम बदलणं सोपं.

अ‍ॅल्युमिनियमवर ओल्यातही रबर धरतं. कोरड्याइतकं नाही, पण दाबल्याबरोबर काहीतरी होतंय हे हाताला कळतं. उतारावर माणसाला तेवढंच हवं असतं. वजन कमी होतं, गंज लागत नाही, हा वरचा फायदा. तुमच्या बाबांचे मित्र म्हणतात ते मूळपण मला समजतं. पण सप्टेंबरात कासला फुलं असतात त्याचं कारण तिथं पाऊस असतो. पोलादी रिमांवर तो घाट उतरू नका. कपाटातल्या सायकलीला मूळ रिम शोभते. घाटात ती शोभा परवडत नाही.

आता ब्रेक. २७ वरून ७०० सी वर आलं की व्यास ८ मिलिमीटरनं कमी होतो, म्हणजे रिम प्रत्येक अंगाला ४ मिलिमीटर आत जाते. कॅलिपर मात्र फ्रेमला आणि फोर्कला बोल्टनं बांधलेला, तो जागचा हलत नाही. तेव्हा रबरालाच ४ मिलिमीटर खाली उतरावं लागतं. नाही उतरलं तर ते रिमऐवजी टायरच्या कुशीवर घासतं. टायरची कूस म्हणजे कापडच, दोन-चार उतारांत फाटते. आणि ती फाटते ब्रेक दाबलेला असतानाच.

घरी बसून हे तपासता येतं. कंपासपेटीतली पट्टी घ्या. कॅलिपरच्या प्रत्येक हाताच्या टोकाला एक उभी खाच असते, तिच्यातून रबराचा बोल्ट जातो. आधी बघा, आत्ता रबर रिमच्या सपाट पट्टीच्या मध्यावर बसतंय का. जुन्या सायकलींचं काही सांगता येत नाही, चाळीस वर्षांत कुणीतरी कधीतरी हलवलेलं असतं. मध्यावर नसेल तर सैल करून मध्यावर आणा. मग बोल्टच्या खाली खाच किती शिल्लक राहते ते मोजा. पुढचं वेगळं, मागचं वेगळं, डावं-उजवं दोन्ही. चारी ठिकाणी ४ मिलिमीटर किंवा जास्त भरलं, तर तुमचा मावसभाऊ जिंकला. मुंबई-पुण्यात ७०० × ३२ चे टायर हवे तेवढे मिळतात, रिमा मिळतात, रस्त्यात टायर फाटला तर दुसऱ्या सायकलवाल्याकडून उसना घेता येतो. २७ चा टायर तुम्हाला मागवावा लागेल आणि घरात एक जास्तीचा ठेवावा लागेल.

चार भरलं नाही, तीनच भरलं, तर कुणीतरी म्हणेल, 'कानस मारून खाच वाढवतो.' नको म्हणा. ब्रेकच्या हातातलं धातू कमी करून ब्रेक सुधारत नाही. अशा वेळी एक तर लांब हाताचे नवे कॅलिपर घ्यायचे किंवा २७ वरच राहायचं. टेक्ट्रो कंपनीचे तसे लांब हाताचे कॅलिपर येतात. घेताना मागे साधा नट लागणारा बोल्ट आहे ना ते बघा, हल्लीच्या बऱ्याचशा ब्रेकना फ्रेमच्या आत शिरणारा नट असतो आणि जुन्या फ्रेमचं भोक त्याला पुरत नाही. मी तुमच्या जागी असतो तर वाइनमान काढले नसते. त्यापेक्षा २७ ची अ‍ॅल्युमिनियमची रिम मागवली असती. ती दुर्मीळ आहे, पण नामशेष नाही. सन रिंगलेची सीआर १८ या मापातही निघालेली आहे, आणि जुन्या वाइनमान, रिगिडा, अराया अशा रिमा जुन्या सायकलींच्या संग्राहकांकडे सापडतात. परदेशातून मागवलीत तर रिमपेक्षा कुरिअरचं बिल मोठं येईल, एवढी मनाची तयारी ठेवा.

पट्टी हातात आहे तोवर भोकांचा प्रश्न. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याच्या, भोकांइतकीच भोकं रिमला हवीत, यात तडजोड नाही. पुढचं सोपं आहे. ३२ भोकांची ७०० सी रिम हे आजचं सर्वांत चालू माप. तेव्हा बाबांचा पुढचा हब आहे तसा ठेवा. उघडून छर्रे बदला, ग्रीस भरा, कोन (छर्रे दाबून धरणारे नट) नीट बसवा, तो आणखी पन्नास वर्षं फिरेल.

मागचे ४० हेच दुखणं. ४० भोकांच्या अ‍ॅल्युमिनियम रिमा बनतात, दोघांनी चालवायच्या जोड-सायकलींसाठी आणि सामान लादून लांब जाणाऱ्यांसाठी, पण आपल्याकडे त्या दुकानात टांगलेल्या दिसत नाहीत. एक रिम परदेशातून आणणं किंवा मागचा हब बदलणं, हे दोनच रस्ते. मी दुसरा घेईन. ३६ भोकांचा, फ्रीव्हीलचे (मागच्या दातेरी चकत्यांच्या गठ्ठ्याचे) आटे असलेला हब घ्या आणि ३६ भोकांची रिम. तुमचं जुनं पाच चकत्यांचं फ्रीव्हील इंग्रजी आट्याचं असलं, आणि रॅलीला ते बहुतेक तसंच असतं, तर नव्या हबवर सरळ चढेल. फक्त रुंदी बघा. पाच चकत्यांच्या काळातल्या फ्रेममध्ये मागच्या दोन कानांच्या, म्हणजे एक्सल बसतो त्या खाचांच्या, आतलं अंतर १२० मिलिमीटर असतं. सहा-सात चकत्यांच्या हबला १२६ लागतात, आणि बाजारात मिळणारे पुष्कळ हब १३५ चे असतात, डोंगरी सायकलींचे. १२६ चा हब पोलादी फ्रेममध्ये हातानं जरा फाकवून बसतो, दर अंगाला तीनच मिलिमीटरचा प्रश्न आहे. १३५ चा कोंबू नका. एक्सलवरचे स्पेसर कमी करून तो १२६ वर आणता येतो, पण हे चाक विणायच्या आधी करायचं, नंतर नाही, कारण त्याप्रमाणे रिम मधोमध धरावी लागते.

आणि इथं माझ्या मूर्खपणाचा दुसरा किस्सा सांगतो, तो तुमच्या उपयोगाचा आहे. जुनं चाक मोडायचं म्हणून मी एकदा मोठ्या उत्साहानं कटर घेतला आणि पटापटा सगळ्या तारा तोडल्या. रिम बाजूला, हब हातात. मग लक्षात आलं, हबवर फ्रीव्हील तसंच आहे. फ्रीव्हील दर पॅडलला आणखी आणखी आवळत जातं. वर्षानुवर्षं पाय मारून घट्ट झालेलं ते सोडवायला अख्ख्या चाकाची तरफ लागते : पान्हा शिकंज्यात आणि रिम दोन्ही हातांत धरून गाडीच्या स्टिअरिंगसारखी फिरवायची. नुसत्या हबला धरणार कुठं? तो हब आजही माझ्याकडे फ्रीव्हीलसकट आहे, टेबलावर कागद दाबायला. तेव्हा मेकॅनिककडे गेल्यावर तुमचं पहिलं वाक्य हे असू दे : 'तारांना हात लावायच्या आधी फ्रीव्हील काढा.' त्याच्या खाचा जुळणारा काढणा त्यांच्याकडे नसला तर पुण्याहून मागवा. छिन्नी-हातोडीनं काढू देऊ नका.

रिम निवडताना बघायच्या बाकीच्या गोष्टी लवकर उरकतो. एक सापळा मात्र नवा आहे आणि त्यात अनुभवी माणसंही अडकतात. हल्ली ७०० सी आणि २९ च्या पुष्कळशा रिमा डिस्क ब्रेकसाठी असतात. त्यांच्या बाजूंना रंग असतो, घासण्यासाठी सपाट, यंत्रावर कातलेली चंदेरी पट्टी नसते. स्वस्तात मिळाली म्हणून ती आणलीत तर तुमचे ब्रेक आधी रंग खातील, मग भिंत. दुकानात रिमच्या बाजूवर बोट फिरवा. पट्टी चमकदार, सपाट आणि हलकी रेघाळ लागली पाहिजे. चांगल्या रिमांत त्या पट्टीत एक बारीक चर किंवा खळगा असतो. ती झिजून चर दिसेनासा झाला की रिमचं आयुष्य संपलं असं समजायचं. दोन कप्प्यांची म्हणजे पेटीसारख्या पोकळ काटछेदाची रिम घ्या, एकेरी पत्र्याची नको. आतली रुंदी १७ ते २० मिलिमीटर असली की ३२ चा टायर सुखानं बसतो. टायरची कड अडकायला आतून आकडी असते, ती आहे ना बघा. तुमच्या जुन्या रिमला ती नसणार. म्हणूनच त्या काळी टायरमध्ये हवा बेतानं भरायचे, सत्तर पौंडांच्या आसपास. सरळ भिंतीच्या रिमवर जास्त हवा भरली की टायर उडी मारतो.

जोड कुठं आहे तेही बोटानं तपासा. व्हॉल्व्हच्या भोकाच्या बरोबर समोर असतो. तिथं नखाला पायरी लागली तर ब्रेक दाबताना दर फेऱ्याला टक् टक् होणार.

रंगाबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो. चंदेरी घ्या, पॉलिश केलेली असली तर उत्तमच. उंच, काळ्या, मोठ्या अक्षरांच्या रिमा त्या बारीक नळ्यांच्या रॅलीवर म्हणजे पैठणीवर जर्किन. कार्बन वगैरेकडे तर फिरकूही नका.

तारा नव्या घ्याव्या लागतील, स्टेनलेसच्या, २ मिलिमीटरच्या. जुन्यांपैकी एखादी चकचकीत दिसली तरी चालणार नाही, कारण नव्या रिमची खोली वेगळी आणि लांबी मिलिमीटरवर जुळावी लागते. रिम आणि हब दोन्ही हातात आल्याशिवाय लांबी काढू नका. मागच्या चाकाला उजवीकडच्या तारा डावीकडच्यापेक्षा थोड्या आखूड लागतात. दोन्हीकडे एकच लांबी देणारा माणूस दिसला तर चाक दुसरीकडे न्या.

विणणारा कसा ओळखायचा? राजवाड्याजवळ आमचे एक उस्ताद होते. चाक विणून झालं की ते सायकल उलटी टाकायचे, फोर्कवर अंगठा टेकवून नखाशी खडूचा तुकडा धरायचे आणि चाक फिरवायचे. जिथं खडूची रेघ उमटेल तिथं रिम बाहेर. मग निपलला, म्हणजे तारेच्या टोकाच्या नटाला, पाव फेरा, पुन्हा फिरव. आऊट काढायला हा खडू आणि एक किल्ली, बस. शेवटी डोळे मिटून एकेका तारेला टिचकी. एका बाजूच्या सगळ्या तारा एका स्वरात बोलल्या पाहिजेत. मागच्या चाकात उजवीकडच्या वरच्या पट्टीत, डावीकडच्या खालच्या. एखादी बेसूर लागली की 'ही चोरी करतेय' म्हणायचे. ती भार घेत नाही, शेजारणींवर टाकते, आणि मग शेजारीण तुटते. तुमचे मेकॅनिक असं टिचकी मारून ऐकत असतील तर २८-दीडचा सल्ला त्यांना माफ करा आणि चाकं त्यांच्याकडेच विणा. रिमा तुम्ही द्या.

नव्या रिमांबरोबर ब्रेकची रबरंही बदला. चाळीस वर्षांचं रबर दगड झालेलं असतं, वर त्यात जुन्या क्रोमच्या कपच्या रुतलेल्या असतात, त्या अ‍ॅल्युमिनियमला कानशीसारख्या खरवडतात. कूल-स्टॉपची विटकरी-गुलाबी रबरं पावसासाठी मला सर्वांत आवडतात. ती नाही मिळाली तर कुठलीही चांगली, मऊ, अ‍ॅल्युमिनियमसाठीची.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर तारा थोड्या सैलावतात. आऊट पुन्हा काढून घ्या आणि मगच घाट. तोवर सायकल समर्थ मंदिरापासून पोवई नाक्यापर्यंत आणि परत, रोज. शहराचा तेवढा उतार ब्रेकची ओळख करून घ्यायला पुरेसा आहे.

जुन्या रिमा भंगारात घालू नका. टेप काढून आतल्या अंगानं बघा : निपलच्या भोकांभोवती गंजानं पत्रा खाल्ला असेल, खिळ्याचं टोक दाबून आत जात असेल, तर त्या फिरवायच्या लायकीच्या नाहीत. नसेल खाल्ला तर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून तिच्या बोळ्यानं क्रोम घासा. वरचा गंज बराचसा जातो, चमक येते. मागचा ४० तारांचा हबही त्याच्या जुन्या रिममध्येच ठेवून द्या. बाबांच्या मित्रांना तुम्ही एकदा घरी बोलावलंत तर चाकं जिन्याखाली दाखवता येतील, मूळचं काही गेलेलं नाही म्हणून.

— तुमचा काका

ता. क. व्हॉल्व्हचं भोक विसरलो. नव्या रिमांत बरेचदा बारीक, साडेसहा मिलिमीटरचं भोक असतं, त्यात बारीक मानेची प्रेस्टा ट्यूबच जाते. आपल्या नेहमीच्या जाड व्हॉल्व्हची नाही. ट्यूब त्याप्रमाणे घ्या, आणि पंपाच्या तोंडाला बसणारा छोटा पितळी अ‍ॅडॉप्टर दोन घ्या. एक हमखास हरवतो, आणि घाटात दुसरा शोधणार कुठं?